द्राक्षं पेपर वाचतात

शेखरच्या पोटात दुखायला लागलं ते कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी. त्यामुळे दोष वांग्याच्या भाजीवर ढकलता येईना. फॅमिली ग्रुपवर मनमाडच्या आत्याने फोटो टाकला होता. फोटोत आत्याची मोहिनी पैठणीवर जाडजूड कोट चढवून, हातात काचेचं काहीतरी टोकदार धरून हसत होती. खाली आत्याने लिहिलं होतं, ‘आपल्या मोहिनीला कॅनडात सायन्स फिक्शनचं मोठं बक्षीस मिळालं. सर्वांचे आशीर्वाद.’

सर्वांचे म्हटल्यावर त्यात शेखरचेही आले. त्याने ‘अभिनंदन’ लिहिलं आणि खोडलं. अंगठा टाकला, तो फार मोठा वाटला. शेवटी त्याने नुसते जोडलेले हात टाकले, जे दुःखद निधनाच्या बातमीलाही चालतात.

त्याचंही बरोबर होतं म्हणा. विज्ञानकथा हा त्या सबंध घराण्यात शेखरचा सातबारा होता. चुलत, मावस, आते मिळून भावंडांचं एवढं मोठं शिवार, पण त्या एका तुकड्यावर दुसऱ्या कुणाचं नाव लागेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नाशिकला अंबडच्या कारखान्यात तो क्वालिटीला होता. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूत खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. संध्याकाळी सिडकोतल्या घरी आला की चहा घेऊन तो लिहायला बसे. दिवाळी अंकात त्याची कथा यायची. त्याच्या कथेत यानाचं इंधन, ग्रहाचं अंतर, गुरुत्वाकर्षण, सगळं मापात. एकही नट ढिला नाही. संपादक कळवायचे, ‘कथा अभ्यासपूर्ण आहे.’ त्याची बायको हर्षाली प्रत्येक कथा वाचायला घ्यायची आणि दुसऱ्या पानाशी थांबायची. “तुमच्या यानात बसलं की मला डुलकी लागते,” असं तिचं म्हणणं होतं. यान इतकं स्थिर उडतं, असा त्याचा अर्थ शेखरने लावून घेतला होता.

मोहिनीवर त्याचं प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. ती विनिपेगला शिकायला गेली आणि तिथल्या बर्फात एका गोदामात खोकी भरायचं काम करू लागली, त्या काळात तर फारच होतं. दर रविवारी तो आत्याला फोन करून चौकशी करायचा. मोहिनीची पहिली गोष्ट मासिकाकडून परत आली तेव्हा त्याने तासभर तिची समजूत घातली, धीर सोडू नकोस, मलाही सुरुवातीला त्रास झाला, असं बरंच काही सांगितलं. फोन ठेवल्यावर त्याला इतकं प्रसन्न वाटलं की तो हर्षालीला घेऊन मिसळ खायला गेला.

पुढे प्रेमाला उतरती कळा लागली. मोहिनीने भेटवस्तूंना गुंडाळायच्या कागदावर आपल्याच गोष्टी छापून विकायला सुरुवात केली. तिकडची माणसं खेळणं बाजूला ठेवून कागद वाचत बसतात, असं आत्याने कळवलं. तिने कंपनी काढली, नाव ठेवलं ‘घड’. तिकडे तिला ‘गॅड’ म्हणतात हे ऐकून शेखरला दोन दिवस बरं वाटलं. पण गॅड वाढत गेली. मग ऐकायच्या गोष्टी झाल्या, मोबाइलवरचे खेळ झाले, नव्याने त्या देशात आलेल्यांसाठी लिहिण्याचे वर्ग झाले. आणि आता कादंबरी, आणि तिला हे काचेचं टोकदार.

शेखरची आई सुलाबाई फोटो मोठा करून बघत होती. “मोहनीनं लय नाव काढलं,” ती म्हणाली. मग मुलाकडे वळून मायेने विचारलं, “तू बी लिवतो ना काहीतरी?”

जानेवारीत मोहिनी येणार असं ठरलं आणि गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयाने तिचं भाषण ठेवलं. वाचनालयाचे चिटणीस वाल्मीकराव यांचा शेखरला फोन आला. पाहुण्यांचा परिचय तुम्ही करून द्यावा, असं ते म्हणाले. शेखरची कॉलर ताठ झाली. नाशिकमधल्या विज्ञानकथेची परंपरा आणि त्यातलं आपलं स्थान, असा एक परिच्छेद त्याच्या मनात उभाही राहिला. तेवढ्यात वाल्मीकराव म्हणाले, “तुम्ही त्यांचे भाऊ ना? मग घरचाच माणूस बरा.”

त्या ‘घरचा माणूस’ने शेखरची झोप घालवली. आयुष्यभर लिहून आपण लेखक झालो नाही, लेखिकेचे भाऊ झालो. आता एकच उपाय होता. सभेत सगळ्यांसमोर दिसलं पाहिजे की या दोघांत खरा जाणकार कोण. त्याने मोहिनीची इंग्रजी कादंबरी मागवली, हर्षालीपासून लपवून गाडीच्या डिकीत ठेवली आणि कारखान्यात पार्ट तपासतात तशी तपासायला घेतली.

खोट शोधावीच लागली नाही. सबंध कादंबरीच खोटीवर उभी होती. पृथ्वीपासून फार लांब एका गावात द्राक्षाच्या वेली आहेत, आणि घडांना गुंडाळलेला पेपर ती द्राक्षं वाचतात. बातमी गोड असली की मणी गोड, वाईट असली की आंबट. म्हणून त्या गावची माणसं निदान घडाला गुंडाळण्यापुरत्या तरी चांगल्या बातम्या घडाव्यात म्हणून आयुष्यभर धडपडतात.

शेखर एकटाच हसला. द्राक्षांना डोळे कुठून आले? नाशिक जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की थंडीत मण्यात पाणी उतरून तो पिकायला लागला की घडाला रद्दीचा पेपर गुंडाळून स्टेपल मारतात. नाही तर रात्रीच्या गारठ्याने आणि दिवसाच्या उन्हाने हिरवा मणी गुलाबी पडतो आणि व्यापारी तोंड फिरवतो. एवढंच. त्याने परिचयाची आखणी केली. आधी भरघोस कौतुक, आणि शेवटी मधाचं बोट लावून हा प्रश्न.

सभेला गर्दी चांगली होती. पुढच्या रांगेत मूळ गावाहून, जानोरीहून, शेखरचा थोरला भाऊ दत्तू आला होता, सोबत गावातले चार बागाईतदार. पुस्तक द्राक्षांवर आहे एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं, त्यामुळे कॅनडातली बाई फवारणीचं काही नवीन सांगेल, अशी त्यांची समजूत होती.

शेखरने कौतुक केलं. गोदामातली खोकी, बर्फ, कंपनी, बक्षीस, काही बाकी ठेवलं नाही. मग चष्मा सारखा करून तो म्हणाला, “आता एक शंका. मोहिनी, आम्ही जानोरीची माणसं. तुझ्या द्राक्षांना वाचता येतं, याला शास्त्रीय आधार काय, तेवढं सांग.”

सभागृह हसलं. दत्तू मांडीवर थाप मारून हसला. शेखरला वाटलं, झालं काम.

मोहिनी मात्र हसली नाही. तिने माइक जवळ ओढला. “आधार तूच की, दादा.”

आणि तिने सांगायला घेतलं. नाताळच्या सुट्टीत ती मामाकडे जानोरीला आली होती, पहिलीतली पोर. वडील रेल्वेत, सगळं आयुष्य मनमाडच्या क्वार्टरमध्ये, पेपर गुंडाळतात तो भज्यांना एवढंच तिला ठाऊक. द्राक्षांना पेपर कशाला, असं तिने विचारलं. शेखरदादा उलट्या क्रेटवर बसला होता. त्याने जराही न हसता सांगितलं, की तोड होईपर्यंत लटकून लटकून ती कंटाळतात, म्हणून वाचायला देतात. त्यांना वाचता कसं येतं, असं हिने विचारलं. तर बांधणाऱ्या बाया पहिली ओळ मोठ्याने वाचून दाखवतात, पुढचं द्राक्षं आपली आपण वाचतात. आणि आंबट द्राक्ष निघतं ते? त्याला मेल्याची बातमी आली असणार.

दुसऱ्या दिवशी मोहिनीने हात पुरेल तेवढ्या घडांचे अपघाताचे आणि श्रद्धांजलीचे कागद काढून फेकले. वेलींची अर्धी ओळ उघडी पडली. मामाचा धपाटा तिने खाल्ला, आणि तरी कुणी सांगितलं म्हणून बोलली नाही.

“विनिपेगच्या गोदामात खोक्यात कागदाचे बोळे कोंबायचे असत,” ती म्हणाली. “मी प्रत्येक बोळा उलगडून बघायचे, त्यावर काय बातमी आहे. एकदा साहेबाने पकडलं, विचारलं, हे काय चाललंय. मी दादाची गोष्ट सांगितली. तो माणूस खोक्यावर बसला आणि म्हणाला, मग पुढे?”

टाळ्या पडल्या. लोक वळून शेखरकडे बघत होते. त्याला ते क्रेट आठवलं, त्याचा खिळा टोचत होता तेही आठवलं. आणि पोटात पुन्हा ते ओळखीचं दुखणं सुरू झालं, फक्त या वेळी ते मोहिनीकडे जाईना. हाफपँटीतल्या एका चौथीतल्या पोराचा त्याला मनापासून हेवा वाटला. काय सहज बोलून गेला होता. ना अंतर, ना इंधन.

नंतर चहाच्या टेबलापाशी मोहिनीने त्याला गाठलं. तिने आवाज खाली आणला.

“आई मला तुझे दिवाळी अंक पाठवते. सगळ्या कथा वाचते मी. त्यात सगळं खरं असतं रे दादा. तुझी थाप कुठे गेली?”

शेखरने चहा गार झाल्याची तक्रार केली. गार झाला नव्हता. तिने तो विषय तिथेच सोडला.

“एक राहिलंच होतं,” ती म्हणाली. “मेल्याची बातमी वाचली तर आंबट. पण निवडणुकीची वाचली तर काय होतं? तू सांगणार तेवढ्यात मामी जेवायला हाका मारत आली.”

शेखर सांगणार होता की द्राक्षाच्या मण्यात अशी कुठलीही ग्रहणयंत्रणा नसते. तोंड त्याच तयारीने उघडलं. बाहेर आलं ते दुसरंच.

“बी धरतं. सीडलेस असली तरी.”

बाजूला चिवडा खात असलेल्या दत्तूने मान डोलावली. मागच्या निवडणुकीला माझ्या दोन ओळींत झालं होतं, असं तो अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि व्यापाऱ्याने कसा भाव पाडला तेही सांगू लागला. मोहिनीला हसू आवरेना. हसता हसता तिने पर्समधून फोन काढला आणि टिपायला लागली.

“लिहू नकोस ते,” शेखर म्हणाला. “माझं आहे.”

इतक्या वर्षांत तो तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. मोहिनीने त्याच्याकडे पाहिलं, फोन पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली.

रविवारी तो जानोरीला गेला तेव्हा दत्तूच्या बागेत पेपर लावणं चाललं होतं. रद्दीच्या गठ्ठ्यात वर सभेच्या बातमीचं पान होतं. मोहिनीचा फोटो तीन रकानी. कडेला एक कोपर, ते शेखरचं. खाली छापलं होतं, ‘परिचय लेखिकेच्या बंधूंनी करून दिला.’ शेखरने आजूबाजूला पाहिलं. मग बागेतला त्यातल्या त्यात किरटा, सावलीतला घड शोधून त्याला ते पान गुंडाळलं, बातमी आतल्या बाजूला करून, आणि दोन स्टेपल जास्त मारल्या.

सीडलेसला बी धरल्याची गोष्ट त्याने लिहून काढली. त्यात एकही यान नव्हतं. हर्षालीने ती स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्याने वाचली, दुसरं पान उलटलं, तिसरंही उलटलं. शेवटी मागची कोरी बाजू बघून तिने विचारलं, “मग पुढे?” मोहिनीला हे कळवायला हवं, असं शेखरला आधी वाटलं आणि मग, कशाला, असंही वाटलं.

तोडीच्या दिवशी तो मुद्दाम रजा टाकून बागेत आला. बायका क्रेट भरत होत्या. तो सरळ त्या सावलीतल्या घडाकडे गेला, स्टेपल उपसल्या, पान सोडवलं. एक मणी तोंडात टाकला. मग दुसरा. मग बोटांना लागलेला रसही चाटला.

दत्तूने लांबून विचारलं, कसा आहे.

“आंबट आहे,” शेखर म्हणाला, आणि सगळा घड एकट्याने संपवला.