सात नंबरची मावशी

शिरूरच्या स्टँडवर सकाळी उभी होते तेव्हा हातात कापडी पिशवी आणि पिशवीत चार रुमाल. जायचं होतं एवढ्याशा दौंडला. पण मी कुणाच्या लग्नाला किंवा दहाव्याला निघाले नव्हते. कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉलची मॅच बघायला निघाले होते, तीही कुणी न बोलावता, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. लोक हसतील म्हणून शेजारी सांगून आले, दाताच्या डॉक्टरकडे जाते.

माझी गॅलरी कॉलेजच्या कोर्टासमोर. मिस्टर गेले, मूलबाळ नाही. संध्याकाळ झाली की घर खायला उठतं. म्हणून तीन वर्षं रोज खुर्ची टाकून त्या मुलींचा सराव बघत आले. नावं माहीत नाहीत. चार, सात, नऊ आणि अकरा, एवढीच माझी ओळख. सात नंबर चिडली की वेणी सोडून पुन्हा बांधते. अकरा नंबरला चूक झाली की हसू येतं आणि सरांचा ओरडा खाते. सरांच्या त्या ओरडण्यातूनच मला कळलं, की चौघी यंदा शेवटच्या वर्षाला आहेत आणि दौंडची मॅच त्यांची शेवटची. रुमालांवर मी साखळी टाक्याने एकेकीचा नंबर भरला होता. ते हातात द्यायचे आणि एकदा तरी त्यांच्याशी बोलायचं, एवढंच मनात होतं.

न्हावऱ्यापर्यंत एसटी बरी पळाली. पुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर आडवा आला आणि आमची वरात त्याच्या मागे. पारगावच्या पुलावर भीमा दिसली; पाणी संथ, काठाला ऊस. शेजारचे म्हातारबाबा बराच वेळ माझ्या पिशवीकडे बघत होते.

"कुठं निघालाय?"

"दौंडला."

"लेकीकडं?"

"व्हय," म्हटलं. दिवसातली ही दुसरी थाप.

चौफुल्याला उतरून भेळ खाल्ली. तिखट अशी की नाका-डोळ्यांतून पाणी. तिथून वडाप (माणसं भरली की सुटणारी जीप) धरली. ड्रायव्हरने वाटेत गुऱ्हाळावर गूळ घ्यायला गाडी थांबवली. चुलवणावर मोठ्या काहिलीत काकवी रटरटत होती. काहिलीपाशी उभा असलेला उत्तर प्रदेशातला कामगार मला म्हणाला, "खाइए चाची, गरम है," आणि त्याने तळहातावर गुळाचा गोळा ठेवला. हात भाजला, पण टाकवेना. नात्याने हाक मारून कुणी माझ्या हातावर काही ठेवल्याला किती दिवस झाले होते!

दौंडच्या मैदानावर पोचले तेव्हा मॅच सुरू झाली होती. जवळच रेल्वेची शिट्टी वाजली. आपल्या मुलींच्या बाजूला आठ-दहा बायका सतरंजीवर बसल्या होत्या, सगळ्या आयाच. मी कडेला टेकले. शेजारची डोक्यावर पदर घेतलेली बाई लगेच वळली.

"मी मांडवगण फराट्याची. तुमची कंची?"

आता काय सांगू? कुणाचीच नाही म्हटलं तर ही बाई इथं कशाला आली, असं वाटणार. तोंडातून निघून गेलं, "सात नंबर. भाची माझी."

ती बघतच राहिली. "सात नंबर तर माझी आरती हाय!"

मी कोर्टाकडे नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. मुलींच्या अंगावर करकरीत पिवळे टी-शर्ट. पाठीवर कुणा भाऊंचा हात जोडलेला फोटो, वर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि खाली कोपऱ्यात नंबर. भाऊंनी नवे कपडे वाटले होते आणि नंबर सगळे फिरले होते. ही सात म्हणजे माझी चार! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"खोटं बोलले हो," मी म्हटलं. "माझं यातलं कुणी नाही. कोर्टासमोर राहते, रोज बघते, म्हणून आले."

आता ही हाकलणार, असं वाटलं. ती सरकून जागा देत म्हणाली, "मंग नीट बसा, आन् मला सांगा काय चाललंय ते. पोरगी तीन वर्सं खेळती, पन मी पयल्यांदाच आलेय. यातलं काय बी कळत न्हाई मला."

मग मी सांगत सुटले. तिची आरती पडली की आधी चेंडू बघते, मग गुडघा. एकदा सरांनी बाहेर बसवलं तेव्हा ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडली होती. "अगं बया!" ती म्हणाली. "घरी तर सुई टोचली तरी गाव गोळा करती!" पदराने डोळे पुसत ती हसत होती. दोन गुणांनी आपण हरलो. मी इतकी ओरडले की घसा बसला.

तीच मला हाताला धरून मुलींकडे घेऊन गेली. मी चेहरे बघून रुमाल वाटले.

"अय्या, हा तर माझा जुना नंबर!" आरती ओरडली. "काकू, तुम्हाला कसं माहीत?"

"तुमच्या कोर्टासमोरच राहते मी. वरच्या गॅलरीत."

"तिथं कुणी राहतं?" माझ्या जुन्या अकरा नंबरने विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं.

चौघींनी मला मध्ये घेऊन फोटो काढला. एकीने गळ्यात हात टाकला. घामाने भिजलेला, गरम. "नीट राहा गं पोरींनो," एवढंच मला बोलता आलं. इतकं ठरवून आले होते, सगळं विसरले. "फोटो पाठवतो हं काकू!" म्हणत त्या गाडीत चढल्या. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, माझा फोन नंबर कुणी घेतलाच नव्हता. माझं नावही कुणी विचारलं नव्हतं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी रडले. लाज कसली? ओळखीचं कुणी नव्हतंच. आता संध्याकाळी खुर्ची टाकून कुणाला बघायचं? नव्या पोरी येतील, पण पुन्हा तीन वर्षं जीव लावायची ताकद माझ्यात आहे की नाही, देव जाणे.

तो फोटो मला कधी मिळायचा नाही. पण चार मोबाईलांत मी आहे, चौघींच्या मध्ये, भेळीने लाल झालेल्या नाकासकट. उद्या त्यांच्या सासरी नाहीतर कंपनीत कुणी विचारेल, ही मधली बाई कोण गं? काय सांगतील कोण जाणे. थाप मारायची झाली, तर मावशी म्हणून सांगा म्हणावं.