नागसेनच्या नाकावरचं बेन्झॉइल पेरॉक्साइड

बालाघाटच्या एका कॉलेजात नागसेन आठ वर्षांपासून रसायनांच्या बाटल्या सांभाळतो. कामात चोख, पण भित्रा नंबर एक. कपाटातल्या बेन्झॉइल पेरॉक्साइडला तर तो घरातल्या रागीट आत्यासारखं जपतो. प्लास्टिक बनवायच्या प्रयोगात त्याची चिमूटभर भुकटी लागते. ती सुकू द्यायची नाही, घासायची नाही, विस्तवाजवळ न्यायची नाही, धातूचा चमचा लावायचा नाही, नाहीतर भडका! ऐकून ऐकून पोरांचे कान किटले होते.

लालबर्ऱ्याला मुलगी पाहायला जायचं ठरलं आणि नेमका त्याच आठवड्यात नाकाच्या शेंड्यावर बोराएवढा फोड आला. डॉक्टरनं ट्यूब दिली. त्यावरचं नाव वाचून नागसेनला घामच फुटला. तेच ते!

"डाक्टरसाब, हे तोंडाले लावू?"

"हौ, लावा ना."

मुलगी त्याला मनापासून हवी होती. फोटो पाहिल्यापासून पठ्ठ्या झोपेतही हसत होता. शेवटी जीव मुठीत धरून त्यानं मलम लावलं, अर्थात सगळे नियम पाळून.

मुलीच्या आईनं, अंजनाबाईंनी, पोहे आणले. स्टीलचा चमचा पाहताच नागसेन मागं सरकला आणि हातानंच खाऊ लागला. वाफाळता चहा त्यानं हात लांब करून धरला आणि पार थंडगार झाल्यावर प्यायला. वर दर पाच मिनिटांनी उठून नळावर नाक ओलं करून यायचा.

"पोराचं डोस्कं ठिकाणावर हाय ना?" अंजनाबाई नवऱ्याच्या कानात कुजबुजल्या. नागसेननं ते ऐकलं. त्याचा चेहरा पडला.

तरी रीत म्हणून दोघांना अंगणात बोलायला बसवलं. संघमित्रा औषधांच्या दुकानात काम करायची. तिनं सरळ विचारलं, "असे काहून करून राह्यले जी तुम्ही?"

खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं. ती ओढणी तोंडात कोंबून हसली.

"आमच्या दुकानातून महिन्याले पन्नास ट्यूबा जातात. अजून एकाचंबी नाक उडालं नाही! मलमात ते थोडुसंच असते."

नागसेन शरमेनं अर्धा झाला. "मंग... नकारच समजू?"

"काहून? नाकावर बॉम्ब हाय समजूनबी जो मले पाहाले आला, त्याले नाही कशी म्हणू?"