दाजी मेस्त्रींचं आयरिश दार

मनामा शहरातल्या एका हॉटेलाने तळमजल्यावर आयर्लंडचं खेडं उभारायचं ठरवलं आणि ते काम वेंगुर्ल्याकडच्या दाजी मेस्त्रींवर आलं. बावीस वर्षं बहरीनमध्ये सुतारकाम केलेल्या दाजींना आयर्लंड कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नव्हतं. मॅनेजर ऋत्विकलाही नव्हतं, पण त्याच्याकडे लॅपटॉप होता, त्यामुळे तो तज्ज्ञ होता.

"दाजी, हेरिटेज दिसलं पाहिजे. शंभर वर्षं जुनं!"

त्याने दाखवलेल्या चित्रात चुन्याची भिंत होती, गवताचं छप्पर होतं आणि मधोमध आडवं दुभागलेलं दार. वरचा भाग उघडा, खालचा बंद. दाजी बघतच राहिले. कोंबड्या आत येऊ नयेत आणि शेजारणीशी बोलताही यावं, म्हणून अस्संच दार त्यांच्या गावच्या घराला होतं. वडिलांबरोबर त्यांनी स्वतः रंधा मारून बसवलेलं. त्यांनी चित्र बाजूला ठेवलं आणि हातांना आठवेल त्या मापाने दार केलं.

त्याच आठवड्यात बायकोचा, रत्नाबाईंचा फोन आला. मुलगा ते दार काढून अ‍ॅल्युमिनियमचं बसवणार होता.

"झिलाक सांग, मी येयसर दाराक हात लावू नको," दाजी ओरडले आणि तसेच लीव्ह मागायला गेले.

"काम पास झालं की लीव्ह," ऋत्विक म्हणाला. "आणि हे दार फार नवं दिसतंय. कीड लागल्यासारखी भोकं पाडा."

जन्मभर लाकडाला कीड लागू नये म्हणून तेल पाजणारा माणूस दोन दिवस ड्रिल घेऊन स्वतःच कीड झाला. घाई होती, करतो काय!

गुरुवारी काम पारखायला हॉटेलने बोलावलेल्या नोराबाई आल्या. अस्सल आयरिश, खेड्यात वाढलेल्या. त्यांनी खालच्या दारावर कोपरं टेकली आणि त्यांचे डोळे भरून आले. आजी अशीच उभी राहायची म्हणाल्या. गावात आता सगळी प्लास्टिकची दारं आहेत, असंही म्हणाल्या. मग त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं.

"ही कशाला? आजोबांनी सुताराला हाकलून दिलं असतं."

ऋत्विकने याचं भाषांतर केलं नाही. पण काम पास झालं, लीव्हवर सही झाली. दाजींनी तिथूनच घरी फोन लावला.

"आता कशाक येतास?" रत्नाबाई म्हणाल्या. "झिलान कालच काढल्यान. कीड लागलली, सगळी भोकां भोकां. मिया ता फोडून न्हाणीच्या चुलीत पाणी तापवक घातलंय. नवीन बरा दिसता हां!"

दाजींनी फोन खिशात टाकला. "लीव्ह खलास, आता नको," एवढंच ते ऋत्विकला म्हणाले. मग स्वतः केलेल्या त्या दारापाशी गेले, खालच्या फळीवर कोपरं टेकली आणि पलीकडच्या रंगवलेल्या हिरव्या डोंगराकडे तोंड करून रडले.

ऋत्विकने पाठमोरा फोटो काढून हॉटेलच्या पेजवर टाकला. खाली लिहिलं, 'आयर्लंडचा अस्सल गावकरी.' दुपारपर्यंत चारशे लोकांना तो आवडला.