गाव न सांगणारे मास्तर

मास्तरांना कुणी गाव विचारलं की ते दर वेळी वेगळं नाव सांगत. अपार्टमेंटच्या मॅनेजरला एक, मला दुसरं, आणि लाँड्रीरूममध्ये भेटलेल्या त्यांच्याच देशातल्या एका बाईंना तिसरंच. त्या बाई आनंदून म्हणाल्या, माझी मावशी तिथलीच! त्याबरोबर मास्तर ओले कपडे मशीनमध्येच टाकून निघून गेले.

नव्वदच्या दशकातली, अमेरिकेत क्युपर्टिनोतली आमची ती पहिली भाड्याची जागा. शेजारी मेई नावाची चिनी इंजिनिअर आणि तिचे सत्तरी ओलांडलेले वडील राहायचे. त्यांनी उत्तर चीनमधल्या एका डोंगरी खेड्यात आयुष्यभर शाळा चालवली, एवढंच मेईने सांगितलं होतं. म्हणून मी आणि माझा नवरा मिलिंद आपापसात त्यांना मास्तर म्हणायचो. मला मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत पुरतं खोदून विचारलं. कुठली? नागपूरची. नदी कुठली? घरी कोण कोण? त्या दिवसापासून माझं नावच ‘नागपूर’ झालं.

त्यांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. स्मोक अलार्म तपासायला माणूस आला, तर त्याने दाराशी काढलेले बूट हातात धरून मास्तर शिडीखाली उभे राहिले. काम संपेपर्यंत बूट सोडले नाहीत. मी पुरणपोळी नेऊन दिली, तर पहिला तुकडा मला खायला लावला. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण एक वाक्य पाठ केल्यासारखं स्वच्छ यायचं: “चांगला माणूस प्रश्न विचारतो. चोरही तेच प्रश्न विचारतो.”

हळूहळू तो संशय आम्हालाही चिकटला. मास्तर रोज अंगणात व्यायाम करत आणि करता करता आमच्या सरकत्या काचेच्या दाराशी येऊन थांबत. आत टक लावून बघत. मिलिंद वैतागला. “म्हातारा काहीतरी बघून ठेवतोय यार,” म्हणाला आणि त्याने शनिवारी जाऊन पडदे आणले. मी पडद्याच्या फटीतून त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. कोण कुणावर पाळत ठेवत होतं, देव जाणे.

ते काय बघत होते, ते बुद्धपौर्णिमेला कळलं. आमच्याकडे वंदनेला पाचसहा नागपूरकर कुटुंबं यायची होती, म्हणून मी पडदे उघडले होते. फ्ली मार्केटच्या जुन्या बाजारातून हौसेने आणलेलं बुद्धाचं दगडी मस्तक पहिल्यापासूनच काचेसमोरच्या फडताळावर होतं. त्या दिवशी त्याच्यापुढे फुलं, मेणबत्त्या. तोच मास्तर न विचारता काच सरकवून आत आले. हातात टॉर्च. मिलिंद “अहो, अहो” करत पुढे झाला, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मस्तक उचलून त्यांनी उलटं केलं आणि मानेच्या तळावर टॉर्च धरला.

“हे डोकं आहे,” ते माझ्याकडे वळून म्हणाले. “नागपूर, याचं अंग कुठे आहे?”

त्यांनी मानेच्या तळाशी नखाने खरवडलं. पांढरी भुकटी पडली. “प्लास्टर,” म्हणाले, आणि मटकन सोफ्यावर बसले. मिलिंद पाणी आणायला गेला, मी मेईला बोलवायला धावले.

त्या संध्याकाळी मंडळी वंदना करून गेल्यावर मास्तर आपल्या भाषेत बोलत राहिले आणि मेई सांगत राहिली. गावात तीन जुनी देवळं होती. एक पावसाच्या देवाचं, एक गावदेवाचं आणि सगळ्यांत जुनं बुद्धाचं. शाळा तेव्हा त्या बुद्धाच्या देवळातच भरायची. मूर्ती फोडणाऱ्यांचे दिवस आले, तेव्हा मास्तरांनी रातोरात मूर्तींपुढे विटांची भिंत उभारली, तिच्यावर चुना फासला आणि त्या लोकांना हव्या असलेल्या घोषणा स्वतःच्या हाताने लिहिल्या. भिंत दहा वर्षं टिकली. मग बरे दिवस आले, भिंत पाडली. एकदा शहरातून तीन सभ्य माणसं कॅमेरा घेऊन आली. मास्तरांनी त्यांना जेवू घातलं, छडीने एकेक मूर्ती दाखवली: ही सर्वांत जुनी, ही तिच्यामागोमाग. पुढच्या हिवाळ्यात चोर आले. छडी जिथे जिथे टेकली होती, नेमकी तिथलीच मस्तकं कापून नेली.

“फोडायला आलेल्यांपासून वाचवलं,” मास्तर म्हणाले, “आणि कौतुक करायला आलेल्यांना दाखवून बसलो.” मेईने हे सांगितलं आणि खाली बघत म्हणाली, “मलाही हे आजच कळतंय.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “मग उरलेल्या मूर्तींकडे आता कोण बघतं?”

मास्तर उठले आणि टॉर्च घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी ते मस्तक खोक्यात बांधून ठेवलं. कापलेल्या मानेपुढे हात जोडवेनात. आणि महिन्याभरात मास्तरांनी परतीचं तिकीट काढायला लावलं. मेईने रडून पाहिलं, भांडून पाहिलं. “तिथे आता उरलंय काय, बाबा?” तर म्हणाले, “जे उरलंय ते.”

“तू कशाला विचारलंस त्यांना?” मेई मला एवढंच म्हणाली आणि माझ्याशी बोलेनाशी झाली. मला तिचा राग येऊ शकला नाही. निघताना मास्तर मात्र दाराशी आले, मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, “नागपूर, तू प्रश्न चांगला विचारलास.” कौतुक होतं की जाता जाता घेतलेला शेवटचा संशय, मला आजही ठरवता येत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात ते तिकडेच वारले. कळल्यावर मी मेईकडे गेले, पण तिने दार अर्धंच उघडलं. नंतर वसंतात एका रविवारी ती स्वतः आली. हातात गावाकडच्या चुलतभावाचं पत्र होतं. गावी परतल्यावर मास्तरांनी शाळेतल्या मुलांना एकेक मूर्ती वाटून दिली होती. आपल्या मूर्तीचं नाव, तिच्या बोटांची ठेवण, कुठला पोपडा उडालाय, सगळं पाठ. रोज सकाळी मुलं देवळात शिरत, आपापली मूर्ती बघत आणि मास्तरांना सांगून मग शाळेत जात. ते वारल्यावरही मुलं येतच होती.

मेई पत्राचं शेवटचं पान वाचताना अडखळली. एका मुलीने विचारलं होतं, मास्तर नाहीत, तर माझी मूर्ती जागेवर आहे हे आता कुणाला सांगायचं?

“तू काय लिहिलंस?” मी विचारलं.

तिने चहाचा कप बाजूला सारला. “लिहिलं, मला कळव.”