केसरीनाथांचा न उडणारा फ्यूज

“माझ्या वायरिंगला हात लावायचा न्हाय!”

केसरीनाथ असे गरजले की समोरच्या गोदामात माल उतरवणारे हमालही थबकले. आणि ही गर्जना कुणावर? काल्हेरहून आलेल्या नेत्रावर. आयटीआय करून वायरमन झालेली मुलगी, हातात टेस्टर घेऊन खुर्चीवर उभी. मनोजने, म्हणजे केसरीनाथांच्या मुलाने, आपल्या लेकीच्या, उन्नतीच्या, खोलीसाठी एसी आणला होता. तो बसवायला ती अंजूरला आली आणि बोर्ड उघडून सरळ म्हणाली, “नाना, या वायरला एसीचा भार झेपणार नाही. घराचीच वायरिंग बदला.”

बदला म्हणे! केसरीनाथांनी तीस वर्षं भिवंडीच्या कारखान्यांत लूमच्या मोटारी सांभाळल्या होत्या. मोटार नुसती गुरगुरली तरी कुठलं बेअरिंग गेलं, ते दारातूनच सांगायचे. कारखान्याला शुक्रवारची सुट्टी. अशा किती शुक्रवारी त्यांनी ओळंबा धरून या भिंतींवर सागाच्या पट्ट्या ठोकल्या, त्यांवर एकेक वायर ताणून बसवली. आणि आज ही कालची पोर त्यांना शिकवणार?

“अगो, तुझा जन्म न्हवता तेव्हाचं काम हाय ह्ये! बारा वर्सांत एकदा तरी फ्यूज उडलाय का, इचार हिला.”

“फ्यूज न्हाय उडत,” त्यांच्या पत्नी पार्वतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “ह्येच उडतात.”

मनोजला हसू आवरेना. केसरीनाथ आणखी भडकले. “हसतोस काय? तुझ्या त्या नव्या बिल्डिंगी बघ! भिंतीत काय कोंबलंय, कुणाला दिसतं? माझं काम सगळं उघडं हाय, सगळं डोळ्यांसमोर!”

नेत्रा मात्र हसली नाही. ती खुर्चीवरून खाली उतरली. “बारा वर्षांत एकदाही नाही? गिझर लावला तेव्हासुद्धा? नाना, मेन स्विच बंद करा आणि फ्यूज तुम्हीच काढून बघा.”

केसरीनाथांनी झोकात स्विच पाडला, चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपटला, चष्म्याजवळ नेला. मग चष्मा पुसून पुन्हा बघितला.

तिथे केसासारखी बारीक तार हवी होती. भार वाढला की तिनेच आधी वितळायचं. तिच्या जागी होती मोटार-वाइंडिंगची तांब्याची तार, तिहेरी, सुतळीएवढी जाड. पीळ त्यांच्याच हातचा.

कारखान्यात असंच करत. फ्यूज उडाला की लूम बंद, वर शेठचा आरडाओरडा, कारागिरांचं “मिस्त्री, जल्दी करो!” मग खिशातली तार पिळून भरायची, शिफ्ट पार पाडायची. बारा वर्षांपूर्वी मनोजच्या लग्नात दिव्यांच्या माळांनी दोनदा फ्यूज घालवला, तेव्हा त्यांनी घरीही तेच केलं होतं. वऱ्हाड गेलं, तार राहिली.

नेत्राने बोर्डामागची वायर दोन बोटांत वाकवली. तापून तापून कडक झालेलं आवरण पापडासारखं मोडलं.

“शेठची शिफ्ट चालली पायजे, कारखाना जळला तरी चालंल!” केसरीनाथांचा आवाज चढला. “आणि मी गाढव, त्योच धंदा घरात आणला! हितं माझी नात झोपते! काढ सगळी, पोरी. पट्ट्यांसकट काढ.”

“बाबा, आता बसा जरा,” मनोज म्हणाला.

“बसतो कसला! त्या लग्नात माळा काय आपल्याच दारात व्हत्या? हिरामणकडनं लाईन घेतली व्हती, विठूकडनं घेतली व्हती. तिथंबी मीच तार भरलीय!”

एका पायात मनोजची चप्पल, दुसऱ्यात स्वतःची, असे ते शेजारच्या हिरामणच्या घरात शिरले. हिरामण क्रिकेट बघत होता.

“या नाना, शेवटची ओव्हर हाय.”

केसरीनाथांनी मेन स्विच पाडला. टीव्ही विझला.

“आवं नाना! डोकं फिरलं का?”

“तवा फिरलं व्हतं! आता शिडी आण!”

हिरामण तोंडाने काही ना काही बडबडत होता, पण शिडी आणायला उठला. नेत्रा बारीक तारेचं रीळ घेऊन मागोमाग येतच होती.