मार्था टीचरची उलटी यादी

मार्था टीचर. आज सुरतेत चार माणसांत मी कारागीर म्हणून बसतो, दोन वेळ पोटभर खातो, आईला फोनवर 'काळजी करू नको' असं म्हणू शकतो, ते ह्या बाईंमुळे. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे लिहायला लागलो की मी त्यांचं काय केलं तेच येणार आहे, आणि मग आभार मानायला तोंड राहणार नाही.

कुठलंही नवं खोकं हातात आलं की टीचर ते आधी पालथं करायच्या. पुढच्या बाजूला आग ओकणारा ड्रॅगन असो नाहीतर चिलखत घातलेली बाई, त्या तिकडे बघायच्याही नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून, खोकं नाकाला लावून मागची बारीक अक्षरं वाचायच्या. "पुढची बाजू विकणाऱ्याची, सुदाम. मागची घेणाऱ्याची." मी नववीतून शाळा सोडलेली. इंग्रजी अक्षरं ओळखायचो, पण चार शब्द एका ओळीत आले की घाम फुटायचा. त्यांनी ते ओळखलं आणि कधी बोलून दाखवलं नाही. नुसतं खोकं माझ्यापुढे सरकवायच्या, एका ओळीवर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "एवढंच वाच. बाकी जाहिरात आहे."

त्या कोल्हारजवळच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या, कंत्राटावर. कंत्राट संपलं तरी शाळेतली बारा मशीन त्यांच्याच हाताखाली राहिली. बिघडलं की टीचरला बोलवायचं, ही पद्धत. मिस्टर वारलेले, मूलबाळ नाही. घरी पुढच्या खोलीत टेबलावर स्वयंपाकघरातला मसाल्याचा गोल डबा असायचा आणि त्याच्या सात वाट्यांत सात जातींचे स्क्रू. जिरं-मोहरीसारखे चिमटीत धरून काढायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "हसा. पण तुमच्या दुकानदाराकडे विचारा, कुठला स्क्रू कुठे आहे ते."

मी जामखेडच्या पलीकडचा. आईबाप दरसाल ऊसतोडीला जातात. त्यांच्यामागे फिरता फिरता शाळा सुटली आणि कोल्हारात हायवेवरच्या अण्णांच्या रसवंतीवर मी चरकावर लागलो. टीचर तिथे रस प्यायला यायच्या, तिथेच ओळख झाली, आणि रिकाम्या वेळी मी त्यांच्या घरी हाताखाली बसायला लागलो. अण्णा गावातलं मोठं प्रस्थ. शाळेच्या समितीवरही तेच. मी मोबाईलवर गेम बरा खेळायचो, गिऱ्हाइकं बघत उभी राहायची. त्यावरून अण्णांच्या डोक्यात आलं, रसवंतीमागच्या रिकाम्या गाळ्यात गेमची खोली काढायची. आधी एक मशीन, पंचावन्न हजारांत. दिवाळीपर्यंत नीट चाललं तर आणखी चार, आणि मी चरकावरून उठून खोली सांभाळायला.

"टीचर जोडतील," मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली. "जोडू दे. बघू बाईच्या हाताला काय येतंय. शाळंचं काम नगरच्या पार्टीला द्यावं म्हनत्यात समितीतली लोकं. हे मशीन चाललं तर मी सांगंन त्यास्नी, बाई हाय आपली, बाहेरचं कशाला."

म्हणजे त्या एका मशीनवर माझी खोली टांगलेली होती आणि टीचरची शाळा. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

टीचरनी जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर यादी लिहायला घेतली. मला वाटलं सगळ्यात वर ग्राफिक कार्ड येणार. गेम म्हणजे कार्ड, एवढं मला माहीत होतं. त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं, पॉवर सप्लाय.

"टीचर, तो डबा तर आत राहतो. दिसत पण नाही."

"म्हणून पहिला. जे दिसतं ते शेवटी घ्यायचं, पैसे उरले तर." मग खिडकीबाहेर बोट केलं. "ह्या नदीकाठाला मोटरी किती आहेत मोज. लाइट गेली आणि परत आली की त्या सगळ्या एकदम उठतात. वीज इथे नळाच्या पाण्यासारखी येते, आधी हवा, मग धबाका. तो झेलणारा डबा चांगला नसेल तर वरचं सगळं सोनं असून उपयोग नाही."

पहिल्या ओळीखाली मग कार्ड, तेही वापरलेलं पण त्यांच्या ओळखीतलं. मग प्रोसेसर, मधल्या ताकदीचा. बोर्ड, रॅम, डिस्क. सगळ्यात खाली कॅबिनेट, आणि त्यापुढे 'साधं, पण हवा खेळती' असं लिहिलेलं. अण्णांनी यादी बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"लाइटी कुठायत, टीचर? पोरं लाइटीला येत्यात."

"पोरं खेळायला येतात, अण्णा. लाइटिंग लग्नात बघतात."

अण्णा हसले, पण माझ्याकडे बघून म्हणाले, "सुदाम्या, तू जातूयास न्हवं नगरला? ध्यानात ठेव काय म्हनलो ते."

नगरच्या बाजारात दुकानदाराने काचेचं कॅबिनेट चालू करून दाखवलं. आत तीन पंखे, निळे, जांभळे, परत निळे. यादीतल्या कॅबिनेटपेक्षा ते महाग होतं, आणि पैसे मोजके. दुकानदाराला सवय असणार. त्याने टीचरच्या यादीतल्या पहिल्या ओळीवर पेन ठेवलं. "हा दुसरा घे ना. साडेसहाशे वॉट, तेवढाच. नाव वेगळं, काम तेच. कॅबिनेट बसून जाईल त्यात."

मी ते खोकं पालथं केलं. ज्या ओळीवर टीचर बोट ठेवायच्या, डबा खरा किती भार झेलतो ते सांगणारी, ती ओळच तिथे नव्हती. नुसतं साडेसहाशे, मोठ्या अक्षरांत. म्हणजे मला वाचता येत नव्हतं म्हणून झालं, असं मला कधीच म्हणता येणार नाही. मी वाचलं, आणि घेतलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टीचर जोडायला बसल्या. कॅबिनेट बाजूला सारलं. पॉवर सप्लाय हातात घेतला, भाजीवाली वांगं तोलते तसा तळहातावर दोनदा वरखाली केला.

"हा कोणाचा?"

"यादीतला संपला होता, टीचर. दुकानदार म्हणाला तेवढाच आहे."

"वॉट डब्यावर छापता येतात. वजन छापता येत नाही." त्यांनी तो टेबलावर ठेवला. "ह्याच्या पोटात काही नाही. बदलून आण, मग जोडते."

"उद्या दसरा आहे. अण्णांनी पूजा ठेवलीय, अर्धं गाव बोलावलंय. मशीन नसलं तर मला हाकलतील, टीचर. मी कुठं जाऊ?"

शेवटचं वाक्य खरं होतं, आणि ते त्यांना लागतं हेही मला माहीत होतं. बराच वेळ त्या मसाल्याच्या डब्यातले स्क्रू उगाच ह्या वाटीतून त्या वाटीत करत राहिल्या. मग म्हणाल्या, "पूजेपुरतं चालू करायचं. दहा मिनिटं. गेम लावायचा नाही. सोमवारी नगरला जाऊन हा बदलायचा. कबूल?"

"कबूल."

"माझ्या डोळ्यात बघून म्हण."

म्हणालो.

दसऱ्याला अण्णांनी ट्रॅक्टर, चरक आणि मशीन, तिन्हीला झेंडूच्या माळा घातल्या. हळदकुंकू झालं. तांब्यातलं पाणी शिंपडायला हात उचलला तेव्हा टीचर पुढे झाल्या. "अण्णा, पाणी नको. नारळही बाहेर फोडा, दारात." अण्णांना ते आवडलं नाही, पण ऐकलं. पंख्याच्या जाळीवरची माळ टीचरनी स्वतः बाजूला केली आणि माझ्याकडे एकदा बघून घरी गेल्या. त्या वळताच अण्णा म्हणाले, "आता लाव की गेम! का नुसती आरती करायची तिची?" पोरांनी कल्ला केला. मी गेम लावला.

चाललं. संध्याकाळपर्यंत चाललं. सोमवारी पण चाललं. चालत्या गाडीचं चाक कोण बदलतो? रस्त्यात टीचर भेटल्या, म्हणाल्या, "बदललास?" मी म्हणालो, "हो." त्यांनी डोळ्यात बघायला सांगितलं नाही ह्या खेपेला.

दिवाळीला आठ दिवस होते. दुपारची वेळ, खोलीत सहा-सात पोरं. लाइट गेली, वीस मिनिटांनी आली, आणि काठावरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या. मशीनमधून लवंगी फटाक्यासारखा आवाज झाला. मग जळक्या मासळीसारखा वास. डबा गेला तो एकटा गेला नाही. बोर्ड नेला, कार्ड नेलं. काचेतून सगळं व्यवस्थित दिसत होतं.

अण्णांनी टीचरना बोलावणं धाडलं. त्या आल्या तेव्हा रसवंतीवर गिऱ्हाइकं होती, समितीतले दोघं होते. टीचरनी कॅबिनेट उघडलं. आत तोच डबा बघितला. वास घेतला.

"काय माल घातला, बाई?" अण्णा म्हणाले. "पंचावन्न हजार गेलं माझं. तरी मी वळखलंच हुतं. देवाचं पानी नको, नारळ बाहीर फोडा. हिथं आमच्या पद्धतीनं हुतं सगळं, तुमच्या न्हाई."

कोणीतरी हसलं. टीचरचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या पर्समध्ये ती यादी असणार. त्या कागद टाकत नसत. त्यांनी पर्सला हात लावला नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. परीक्षेत मुलाला उत्तर येतंय हे माहीत असलं की मास्तर जसे थांबतात, तशा थांबल्या होत्या.

अण्णांनी मला विचारलं, "सुदाम्या, कुनी जोडलं हे?"

मी म्हणालो, "टीचरनीच जोडलं."

वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. आजवर इतकं खोटं मी बोललेलो नाही.

टीचर म्हणाल्या, "हो. जोडलं मीच." एवढंच. कॅबिनेट बंद केलं, चारही स्क्रू घट्ट केले आणि गेल्या. महिन्याभरात शाळेची मशीन नगरच्या पार्टीकडे गेली. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी, टीचरने अण्णांचं मशीन जाळलं. त्यांच्याकडे घरी आयकार्ड छापून घ्यायलाही कोणी येईना.

आणि मी काय मिळवलं? थंडी पडली, रस कोण पितो, अण्णा म्हणाले, "उन्हाळ्यात ये रं." दोन महिन्यांची नोकरी. तेवढ्यासाठी.

जायला जागा नव्हती म्हणून मी टीचरच्याच दारात गेलो. लाज वाटत होती, पण भीती तिच्याहून मोठी होती. त्यांनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, दुकान, निळी लाइट, सोमवार. त्यांना सगळं माहीत होतं.

"यादी का नाही दाखवलीत, टीचर?"

"दाखवली असती तर तुला त्याच मिनिटाला हाकललं असतं. ते मला बघवलं नसतं." मग चहा गाळता गाळता म्हणाल्या, "आणि हलका आहे हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून जोडला. ते कोणाच्या नावावर टाकू? नारळाचं बोलले तेवढं मात्र... ते तू थांबवायला हवं होतंस, सुदाम. मशीनचं जाऊ दे."

त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर डोळे पुसत होत्या. मला पाणीसुद्धा पुढे करता आलं नाही.

मग त्यांनी सुरतेला भाच्याला फोन लावला. त्याचं रिपेरिंगचं दुकान आहे. "मुलगा पाठवतेय. हाताला चांगला आहे. खोकं वाचतो." फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "हाताचं मी सांगितलंय. तोंडाचं तुझं तू बघ."

ह्याला दोन वर्षं झाली. टीचर आता पुणतांब्याला बहिणीकडे असतात. मशीनला हात लावत नाहीत, असं भाचा सांगतो. का लावत नाहीत ते त्याला माहीत नाही, आणि कळलं तर तो मला ठेवेल का, ह्या धाकात माझा रोजचा दिवस जातो. गावी जाताना एसटी कोल्हारवरून जाते. दोनदा गेलो. दोन्ही वेळा झोपल्याचं सोंग केलं.

टीचर, पैशाने फिटण्यातलं हे नाही. ह्या खेपेला नाही तर पुढच्या, पण मी कोल्हारला उतरेन. भर दुपारी, रसवंतीवर गर्दी असताना. अण्णांसमोर, समितीसमोर, हसला होता त्याच्यासमोर सांगेन, की डबा मी बदलला, वाचून बदलला, आणि टीचर नको म्हणत होत्या. मग पुणतांब्याला येऊन तुम्हाला सांगेन, की सांगितलं. नोकरी गेली तर गेली. हे तुमचं देणं मी फेडीन.