काटेवाल्याच्या दोन फेऱ्या

ट्रक तोलायचा वजनकाटा म्हणजे जमिनीत बसवलेली एक लांबरुंद लोखंडी पाटी, आणि शेजारी काचेची केबिन. त्या केबिनमध्ये बसून काटेवाल्याने अकरा वर्षं एकच काम केलं : दुसऱ्याचं वजन जास्त आहे हे सांगणं. आणि ते तो फार चवीने करायचा.

"काय रे, भरताना डोळे मिटले होते का? दीड टन जास्त! चल, गाडी बाजूला घे!" असं तो माईकवरून ओरडायचा. आवारभर घुमायचं. ड्रायव्हर खाली मान घालून ऐकून घ्यायचे, कारण पावती त्याच्या हातात. पाठ वळली की मात्र त्याला ‘ओव्हरलोड’ म्हणायचे. म्हणणारच. केबिनच्या दारातून तो हल्ली आडवा होऊन आत शिरायचा, आणि उठला की खुर्चीही दोन पावलं त्याच्याबरोबर यायची.

हे नाव त्याच्या कानावर होतं, पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. ड्रायव्हर लोकांचं मनावर घ्यायचं तर काट्यावर बसूच नये. त्याला लागलं होतं ते वेगळंच.

मागच्या वर्षी मुलीच्या शाळेत खेळांच्या दिवशी पालकांची शर्यत होती. मैदानाला दोन फेऱ्या. मुलगी तेव्हा चौथीत. आठ दिवस आधीपासून तिने "बाबा, यायचंच हं" असा धोशा लावला होता. बाबा गेले. शिट्टी वाजली. पहिल्या वळणापर्यंत बाबा अगदी जोरात होते. वळणावर त्यांनी चुन्याच्या रेषेवर जी बसकण मारली, ती उठायचं नाव घेईनात. दोन शिक्षकांनी काखेत हात घालून उभं केलं, तेव्हा पँटच्या मागे हा पांढरा पट्टा. पोरं खिदळत होती. तेवढ्यात मुलीच्या मैत्रिणीने विचारलेलं त्याच्या कानावर पडलं, "कोण गं ते?"

मुलगी म्हणाली, "आमच्या शेजारचे काका."

हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही. वर्षभर गिळून टाकलं. गिळण्याच्या बाबतीत त्याचा हात धरणारं नाहीतरी कोणी नव्हतं. यंदाची शर्यत दोन महिन्यांवर आली तेव्हा एका रात्री जेवताना त्याने जाहीर केलं, "उद्यापासून मी पळणार."

"कुणापासून?" बायकोने विचारलं.

"पळणार म्हणजे, व्यायाम. यंदा शाळेच्या शर्यतीत धावायचंय मला."

मुलीचा घास हातातच राहिला. "तू यंदापण येणारेस?" ती म्हणाली. त्यात आनंद शोधायला भिंग लागलं असतं.

बातमी बायकोच्या भावाला लागली आणि तो संध्याकाळी दारात हजर. हा मेव्हणा स्वतः जिना चढताना दोनदा कठड्याला टेकतो, पण पळण्याविषयी जगात जेवढं बोललं गेलं असेल तेवढं सगळं त्याने फोनवर पाहिलेलं. "भावोजी, निम्मं पळणं बूट पळतात," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी भावोजींच्याच पैशांनी पोपटी रंगाचे बूट, मनगटाचं घड्याळ आणि घाम टिपायची कपाळपट्टी घेऊन आला. हे सगळं अंगावर चढवून काटेवाला पहाटे बाहेर पडला, तेव्हा दुकानाच्या काचेतला पुतळा सुजून रस्त्यावर आल्यासारखा दिसत होता.

गोदामांच्या मागे सरळ रस्ता आहे, कडेने विजेचे खांब. पहिल्या दिवशी त्याने तीन खांब गाठले आणि तिसऱ्याला मिठी मारून उभा राहिला. काठी टेकत फिरायला निघालेल्या एक आजीबाई थांबल्या. त्याच्याकडे पाहून हळहळल्या.

"गेली वाटतं बस? येईल रे दुसरी. एवढं काय जिवावर उदार व्हायचं?"

आणि काठी टेकत त्याच्या पुढे निघून गेल्या.

तिसऱ्या दिवसापर्यंत मांड्या एकमेकींवर घासून अशा सोलवटल्या, की दिवसभर तो केबिनमध्ये पाय फाकवून बसला. याबद्दल मेव्हण्याच्या फोनमध्ये काही नव्हतं. बायकोने मुकाट्याने व्हॅसलिनची डबी पुढे केली. "घ्या. वंगण नसलं तर कुठली गाडी चालते?"

एवढं होऊनही गडी सोडत नव्हता, हे मात्र मान्य करायला हवं. सकाळी अंथरुणातून उठवत नाही असं झालं, की ‘शेजारचे काका’ हे दोन शब्द आठवायचे आणि आपोआप पाय जमिनीला लागायचे. तीन खांबांचे सात झाले, सातांचे वीस. सहाव्या आठवड्यात तो रस्त्याच्या टोकाच्या पुलापर्यंत जाऊन परत आला. पळत आला म्हणायचं ते त्याच्या समाधानासाठी. शेजारून सायकलवाले पायडल न मारता पुढे जात होते.

आता वजनाचं. औषधांच्या दुकानाबाहेर माणसांचं वजन करायचं यंत्र होतं, पण त्यावर उभं राहायला हा तयार नाही. "त्याच्यावर सरकारी शिक्का आहे का?" म्हणायचा. त्याच्या काट्याची दरवर्षी तपासणी होते, मोहोर बसते; त्यामुळे जगात खरं बोलणारी वस्तू एकच, असं त्याचं ठाम मत. म्हणून दर सोमवारी पहिला ट्रक काट्यावर घ्यायच्या आधी हा गृहस्थ त्या लोखंडी पाटीच्या मधोमध एकटा उभा राहायचा. ड्रायव्हरांना दिसावा म्हणून बाहेर लाल आकड्यांचा हातभर उंच फलक आहे. त्यावर यायचं : १२०. रांगेतले ड्रायव्हर ट्रकच्या खिडकीतून माना काढून वाचायचे.

पहिल्या सोमवारी १२०. चौथ्या सोमवारी १२०. आठव्या सोमवारीही १२०.

हा काटा साठ टनांचा. तो वीस-वीस किलोंनीच बोलतो. शंभर म्हणेल, नाहीतर एकदम एकशेवीस. मधलं त्याच्या तोंडून निघत नाही. माल एकशेदहाच्या वर असला की एकशेवीस, खाली असला की शंभर. भांडखोर ड्रायव्हरांना हे काटेवालाच रोज शिकवायचा : "अरे, पाच-दहा किलोंवरून काय गळा काढतोस? काटा वीसच्या खाली बोलत नाही!" आणि स्वतः पाटीवर चढला की हे ज्ञान बहुधा केबिनमध्येच ठेवून यायचा.

बायको म्हणाली, "अहो, पट्ट्याला दोन भोकं नवी पाडलीत की तुम्ही."

"कातडं ताणलंय," तो म्हणाला. "काटा खोटं बोलत नाही."

शर्यतीच्या आदल्या सकाळी सोमवार नसतानाही तो पाटीवर चढला. १२०. दोन महिने घाम गाळला आणि एक किलोसुद्धा नाही! याच देहाने पुन्हा चुन्यात बसायचं, पुन्हा पोरांनी खिदळायचं आणि मुलीने शेजारी शोधायचा. रात्री जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "उद्या मला ड्युटी आहे. शर्यतीला जमणार नाही."

"बरं," मुलगी म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली, की आयुष्यात पहिल्यांदा काटेवाल्याने ताटात टाकून दिलं.

सकाळी तो खरंच ड्युटीवर गेला. शर्यत दहाला होती. रांगेत पहिला एक म्हातारा खडीवाला ड्रायव्हर होता. अकरा वर्षांत सगळ्यात जास्त शिव्या यानेच खाल्लेल्या. तो खिडकीशी आला. "साहेब, आज माईक गप्प? कोणी गेलं का?"

काटेवाल्याने सांगून टाकलं. आठ आठवडे, रोज पहाटे, आणि आकडा जिथल्या तिथे.

म्हाताऱ्याने त्याला पायांपासून वरपर्यंत निरखलं, विकायला काढलेल्या गाडीकडे बघावं तसं. "बूट काढा," तो म्हणाला.

"का?"

"काढा हो. किल्ल्यांचा जुडगा, डबा, ते घड्याळ, सगळं ठेवा खाली. आमची गाडी काठावर असली की आम्ही स्टेपनी, जॅक, ताडपत्री काट्यावर यायच्या आधीच उतरवतो. तुम्हाला काय वाटलं, अकरा वर्षं आम्ही कसे पास होतोय?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकून काटेवाल्याने थयथयाट केला असता. आज त्याने निमूट बूट काढले. अनवाणी पाटीवर गेला. लाल आकडे थरथरले, विझले, लागले.

१००.

"वीस किलो!" काटेवाला ओरडला. "वीस किलो गेले!"

अकरा वर्षं वजनं करणाऱ्या माणसाला हिशेब समजावून सांगायची म्हाताऱ्याची हिंमत झाली नाही. शिवाय त्याची गाडीही काठावरच होती. ती त्या दिवशी ओरडा न खाता पास झाली. काटेवाल्याने पुढच्या पाळीच्या माणसाला बोलावून खुर्चीत बसवलं, बूट पायात चढवले, त्यांच्याबरोबर ते वीस किलोही परत चढवले, आणि शाळेकडे निघाला.

मैदानावर त्याला पाहताच मुलीचा चेहरा उतरला. रेषेवर बाकीचे बाप ऐटीत पाय झटकत होते. शिट्टी झाली आणि काटेवाला शंभर किलोंच्या माणसासारखा सुटला. पहिलं वळण आलं आणि गेलं. पहिली फेरी झाली. तिथे मात्र त्याच्या अंगाला आपलं खरं वजन आठवलं. बाकीचे दुसरी फेरी संपवून फोटो काढून घेत होते, तेव्हा हा पलीकडच्या टोकाला होता. तोंड उघडं, कपाळपट्टी एका डोळ्यावर, आणि पळण्याचा वेग म्हणाल तर रांगेत पुढे सरकणाऱ्या माणसाचा. पण बसत नव्हता.

खेळाच्या शिक्षकाला पुढची शर्यत लावायची होती. तो वैतागून मुलांच्या घोळक्याकडे वळला. "हे कोण आहेत रे? सांगा त्यांना, संपली म्हणावं शर्यत. बाजूला व्हा."

मुलीची मैत्रीण तिच्याकडे बघायला लागली. तिने नख कुरतडलं. एकदा पलीकडे पाहिलं. ते पोपटी बूट अजून आपटतच होते.

"माझे बाबा आहेत ते," ती म्हणाली, फळ्यावर नाव लिहिलं गेल्यावर मुलं बोलतात त्या आवाजात. "थांबणार नाहीत, सर. दोन महिने रोज सकाळी हेच चाललंय. आणखी पाच मिनिटं लागतील. तुम्ही तोवर पाणी पिऊन या."

मग ती रेषेपर्यंत पुढे गेली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "बाबा! पाय उचल की जरा! मुंग्या पुढे चालल्यात तुझ्या!"

सगळं मैदान हसलं. काटेवाल्याला ऐकू गेलं. उत्तर द्यायला श्वास शिल्लक नव्हता, म्हणून त्याने फक्त पाय उचलला; जेमतेम बोटभर. शिक्षकाने शिट्टी खिशात टाकली आणि सावलीतली खुर्ची ओढून घेतली.